सोयरात येणारी बाई

खोलीत आम्ही पाच जण होतो आणि मिनिटभर कुणीच बोललं नाही. आशाताईने बाळाच्या छातीवरचं दुपटं बाजूला केलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि बाळाच्या पोटाचं वरखाली होणं मोजायला सुरुवात केली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाहेर पागोळ्या गळत होत्या. बाळंतीण एकटक तिच्या ओठांकडे बघत होती. दाराशी उभ्या असलेल्या आजीने हातातली पितळी तशीच धरून ठेवली होती.

"अठ्ठेचाळीस," आशाताई म्हणाली.

"बरं हाय ना गो?"

"बरं आहे, काकी. साठ किंवा वर गेले असते तर पुन्हा एकदा मोजले असते आणि मग गाडी बोलावली असती."

तिने डायरीत आकडा लिहिला, झोळीचा वजनकाटा बाहेर काढला आणि आजीने पितळी खाली ठेवली.

अंकाचा विषय 'उंबरठा' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती आशा स्वयंसेविकेची. दिवसभरात सर्वांत जास्त परके उंबरठे ओलांडणारी बाई आपल्या खेड्यांत तीच. काही गावांत तिच्या शब्दावर बाळंतीण दवाखान्यात जाते, गोळ्या घेते, बाळाला पाजते. काही गावांत तीच योजना, तेच प्रशिक्षण, तेच मानधन असतानाही तिचं येणं म्हणजे नुसती एक नोंद होऊन राहते. हा फरक कशाने पडतो, हे पाहायला मी रत्नागिरी तालुक्यातल्या हातखंब्याला गेले. गौरी-गणपती नुकतेच गेले होते आणि पाऊस अजून जायचा होता. जिच्यासोबत फिरले तिने नाव न छापण्याची अट घातली होती. म्हणून इथे ती फक्त आशाताई आहे. गावातही तिला बहुतेक जण याच नावाने हाक मारतात.

तिठ्यावरून आत

हातखंबा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आठवतो तो तिठा. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता इथे मिळतो. एका बाजूला निवळी, संगमेश्वर, चिपळूण. दुसऱ्या बाजूला पाली, आणि तिथून पुढे लांजा-राजापूर किंवा आंबा घाट. रत्नागिरी शहर पंधरा-एक किलोमीटरवर. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. नकाशावर पाहिलं तर वाटतं, इथे दवाखाना गाठणं किती सोपं!

पण कोकणात गाव म्हणजे रस्ता नव्हे, गाव म्हणजे वाड्या. महामार्गावरून आत वळलं की डांबर संपतं, मग जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी सुरू होते. पाखाडी उतरली की वहाळ, वहाळावर साकव, साकवापलीकडे चार घरं, आणि पुढची चार घरं वरच्या सड्याच्या अंगाला. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या पाखाड्यांवर शेवाळ धरतं. हजार लोकवस्तीमागे एक आशा, असं २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू करताना ठरलं. घाटावरच्या एखाद्या गावात ही हजार माणसं एका गावठाणात सापडतात. इथे ती सात-आठ वाड्यांत विखुरलेली असतात. सरकारी हिशेबात दोन्हीकडच्या आशांचं काम सारखं भरतं, पायांचा हिशेब मात्र सारखा नसतो.

वाड्यांची नावं पाहिली तरी आणखी एक गोष्ट कळते. कुणबीवाडी, बौद्धवाडी, भंडारीवाडी, गुरववाडी, मोहल्ला. आशा ज्या वाडीतली असेल त्या वाडीत ती कुणाची तरी लेक किंवा सून असते, बाकीच्या वाड्यांत ती बाहेरची. निवडीचा निकष सांगतो की ती त्याच गावात राहणारी हवी आणि शक्यतो गावची सून हवी. निकष योग्यच आहे, कारण लेक लग्न करून निघून जाईल, सून राहील. पण सुनेला आपल्या वाडीपलीकडची दारं उघडून घ्यायला वर्षं लागतात. "पहिल्या वर्षी अंगणातूनच बोलून पाठवायचे," आशाताई म्हणाली. "आत घ्यायला लागले ते एका तापाच्या पोरीनंतर. तिला मी रात्री गाडीत घालून नेली होती."

पाचवी, बारसं आणि सव्वा महिना

ज्या घरात आम्ही बसलो होतो तिथे बाळंतपणाचा सातवा दिवस होता, म्हणजे घरात सोयर होतं. सोयरात शेजारीपाजारी घरचं पाणी घेत नाहीत, बाळंतिणीला शिवलं तर आंघोळ करतात. खोली अंधारी, खाटेखाली शेगडी, दारावर पडदा. दहा दिवस बाहेरच्या कुणी आत यायचं नाही.

आता सरकारचं वेळापत्रक पाहा. 'घरच्या घरी नवजात बाळाची काळजी' हा कार्यक्रम २०११ मध्ये आशांकडे आला. बाळंतपण दवाखान्यात झालेलं असेल तर आशाने सहा वेळा घरी जायचं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. यातल्या पहिल्या दोन भेटी नेमक्या सोयरात पडतात. तिसरा दिवस पाचवीच्या आधीचा, सातवा बारशाच्या आधीचा. शेवटची भेट सव्वा महिना उलटला की लगेच. बाळाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो ते दिवस आणि घर बाहेरच्यांना बंद असतं ते दिवस एकच आहेत.

यामागे योगायोग नाही. पूर्वी बाळं याच दिवसांत जायची, म्हणून तर हे दिवस इतके जपून पाळले गेले. बाहेरच्याला आत न घेण्यात जंतूंपासून बाळाला राखण्याचं काही शहाणपणही असेल. पण त्याच पडद्याआड बाळाला मध चाटवला जातो, पहिलं दूध टाकून दिलं जातं, कोंदट खोलीत धुरी दिली जाते. त्या पडद्याआड जाण्याची मुभा ज्या एका बाहेरच्या बाईला मिळते, ती आशा. ही मुभा कशी मिळते, यावर तिच्या कामाचं निम्मं यश ठरतं.

आशाताईने आजीला धुरी बंद करायला सांगितलं नाही. तिने विचारलं, "काकी, धूर बाळाच्या नाकात जातो का कपड्यात?" आजी म्हणाली, कपड्यांना द्यायचा असतो. "मग कपडे पडवीत धुरवू. बाळ इथेच राहू दे आईजवळ." आजीला ते पटलं. मधाचा विषय तिने सातव्या महिन्यातच उरकून ठेवला होता, कारण पाचवीच्या दिवशी सांगायला गेलं तर उशीर होतो. बाळ जन्मताना दोन किलो तीनशे ग्रॅमचं होतं, अडीच किलोच्या खालचं. आज काटा दोन किलो अडीचशेवर थांबला. आजीचा चेहरा उतरला. आशाताईने शांतपणे सांगितलं की पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा दिवसांत परत भरतं. बाळाला उघड्या छातीशी धरायचं, दोन तासांनी पाजायचं, इतक्यात आंघोळ नको. आंघोळ नको या शब्दावर आजी पुन्हा अडली. मग ओल्या फडक्याने पुसण्यावर तडजोड झाली.

हे सगळं प्रशिक्षणाच्या पुस्तकात आहे. पण कोणती गोष्ट आईला सांगायची, कोणती आजीला, कोणती मागच्या महिन्यात आणि कोणती आत्ता, हे पुस्तकात नसतं. ते तिथे राहून येतं.

गडचिरोलीचा धडा

शाळा थोडी शिकलेली गावातली बाई नवजात बाळाला वाचवू शकते, ही गोष्ट जगाला महाराष्ट्राने दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्या घरोघर जाऊन बाळांचं वजन करीत, श्वास मोजीत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करीत. नवजात मृत्यूंचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशभरच्या आशांच्या प्रशिक्षणातल्या सहाव्या-सातव्या पुस्तिकांमागे हाच अनुभव आहे. हातखंब्याच्या त्या खोलीतलं एक मिनिटाचं मोजणं गडचिरोलीहून इथवर आलेलं आहे.

त्याही आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी निवडलेल्या गावआरोग्य सेविकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित कुटुंबांतल्या. त्या दर आठवड्याला केंद्रावर जमत, मुक्काम करीत, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत आणि नवं शिकून परत जात.

या दोन प्रयोगांतून काय घ्यायचं? बहुतेक वेळा आपण बायांची निष्ठा घेतो आणि तिचं कौतुक करून थांबतो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. गडचिरोलीत दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन आरोग्यदूताचं काम तपासत, चुका दुरुस्त करीत आणि तिथेच पुढचं शिकवत. जामखेडला शिकणं कधी संपलंच नाही. म्हणजे त्या बाया एकट्या नव्हत्या. त्यांच्या प्रत्येक भेटीमागे कुणीतरी उभं होतं.

आजच्या व्यवस्थेत ही जागा गटप्रवर्तकाची आहे. साधारण वीस आशांमागे एक. चांगली गटप्रवर्तक आशासोबत घरात जाते, श्वास मोजताना शेजारी बसते, आणि चूक झाली तर घराबाहेर आल्यावर सांगते, घरातल्यांसमोर नाही. पण महिन्याच्या अखेरीला तिच्यावरही अहवालांचा डोंगर असतो. मग देखरेख म्हणजे रकाने भरलेत का, एवढंच उरतं. "मॅडम आल्या की मला धीर येतो," आशाताई म्हणाली. "नुसता फोन आला की पोटात गोळा येतो." पर्यवेक्षणावर कितीही लिहिलं तरी यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

नाव मुंबईत, बाळंतपण गावात

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झाली होती. दोन्ही आकड्यांचं कारण एकच, मुंबई. पिढ्यान् पिढ्या इथली तरणी माणसं तिकडे जातात. आशाताईच्या कामावर याचा परिणाम होतो तो असा.

लेक दिलेली असते विरारला किंवा दिव्याला. गरोदरपणाची नोंद तिकडच्या दवाखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात ती गावी येते. येताना कधी माता व बाल संरक्षण कार्ड तिकडेच राहतं. रक्त किती होतं, रक्तदाब किती होता, धनुर्वाताची इंजेक्शनं झाली का, काहीच हाती नसतं. आशाताई मग विरारला सासूला फोन करते, कार्डाचा फोटो मागवते. बाळ गावी जन्मतं, पहिल्या भेटी इथे होतात आणि तीन महिन्यांनी आई-बाळ मुंबईला परततात. वर्षभराची लसीकरणाची साखळी दोन ठिकाणी तुटते. तिकडच्या यादीत बाळ उशिरा चढतं, इकडच्या यादीतून लवकर गळतं.

म्हणून कोकणातल्या आशाचं पंचांग वेगळं. शिमगा, मे महिना आणि गणपती या तिन्ही वेळी चाकरमानी येतात. त्यांच्याबरोबर लस चुकलेली पोरं येतात आणि ऐनवेळी ठरलेली बाळंतपणंही. गणपतीच्या पाच दिवसांत आशाताई दर्शनाच्या निमित्ताने प्रत्येक घरात गेली होती. प्रसाद घेताना ती लहान मुलाचं कार्ड मागते. हे कोणी तिला शिकवलेलं नाही, आणि याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

शब्द खाली पडू नये म्हणून

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशीर मांडले. घरात निर्णय घ्यायला होणारा उशीर, दवाखान्यात पोचायला होणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. पहिला उशीर आशा कमी करते. दुसरा १०२ आणि १०८ क्रमांकाच्या गाड्यांनी कमी केला. २०१४ पासून १०८ ची सेवा राज्यभर आहे, पण गाडी पाखाडी उतरत नाही. तिथे डोली, खुर्ची किंवा चार तरुणांचे खांदेच लागतात. ते चार खांदे कुणाचे, याची यादी आशाताईच्या डोक्यात तयार असते. आठवा महिना लागला की ती त्या मुलांना सांगून ठेवते.

तिसरा उशीर तिच्या हातात नाही, आणि तिचं सगळं काम तिथेच पणाला लागतं. दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या आशाने मला पूर्वी सांगितलं होतं. तिने चार दिवस समजावून एका बाईला दवाखान्यात नेलं. सूज होती, डोकं दुखत होतं. तिथे दोघींनाही दिवसभर बसवून ठेवलं, वर आशाला सर्वांसमोर बोलणं ऐकावं लागलं. बाई वाचली, पण वाडीत गोष्ट पसरली. पुढची दोन वर्षं त्या वाडीत तिचं कुणी ऐकलं नाही.

मला या सगळ्या फिरण्यातून जे कळलं ते हेच. आशाकडे गावात खर्च करायला एकच चलन आहे, तिचा शब्द. "दवाखान्यात ये, तुला बघतील." "गोळ्या घे, शौच काळं होईल पण घाबरू नकोस." "मंगळवारी लस आहे, येईन." २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, जाणं-येणं मोफत केलं. आशा हे घरोघर सांगते, आणि एका घराला बाहेरून औषध आणायला लावलं की दहा घरांत ती खोटी पडते. लोहाच्या गोळ्या संपल्या, थर्मामीटरचा सेल गेला, लसीचं सत्र न सांगता पुढे ढकललं, डॉक्टर नीट बोलले नाहीत, अशी प्रत्येक गोष्ट कागदावर किरकोळ असते. गावात ती तिच्या खात्यातून वजा होते. उलट, तिने आणलेल्या बाईला सिस्टरने नावाने हाक मारली, डॉक्टरने "बरं केलंस लवकर आणलंस" एवढं जरी म्हटलं, तरी ती वाडीत चार बोटं उंच होऊन परतते.

महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होत होती. २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले होते. या आकड्यांमागे लाखो वेळा दिला गेलेला आणि पाळला गेलेला शब्द आहे.

एका भेटीचे बेचाळीस रुपये

आशा ही नोकर नाही, स्वयंसेविका आहे. या एका शब्दावर तिचा सगळा आर्थिक व्यवहार उभा आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. नवजात बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. सहा भेटी धरल्या तर एका भेटीचे साधारण बेचाळीस. बाळाच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या लशी झाल्या तर १०० रुपये. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास. म्हणजे हजार वस्तीत वर्षाला फार तर पंधरा बाळं, आणि त्यांच्या नव्वद भेटींचे ३७५० रुपये. माणसं मुंबईला गेलेल्या वाड्यांत तेवढीही बाळं नसतात. जिथे जन्म कमी आणि चालणं जास्त, तिथे कामागणिक मोबदला आशाला दंडच करतो.

या २५० रुपयांच्या मूळ अटी वाचताना मी थबकले. जन्मनोंद, वजनाची नोंद, लशी यांच्यासोबत एक अट अशी की बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असावीत. ज्या बाळासाठी ती सर्वांत जास्त वेळा गेली असेल, रात्री धावली असेल आणि तरी जे हाती लागलं नाही, त्या बाळाचे पैसे तिला मिळायचे नाहीत.

केंद्राने २०१८ मध्ये ठरावीक कामांसाठी महिना २००० रुपये निश्चित केले. पुढे कोविडमध्ये याच बाया घरोघर ताप आणि प्राणवायू मोजत फिरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. दिवाळीच्या तोंडावर आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघाला नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला, आणि मार्चमध्ये आशांच्या राज्याकडून मिळणाऱ्या मोबदल्यात ५००० रुपयांची वाढ झाली. केंद्राचे २००० रुपये ३५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. २०१३ मध्येच ४५व्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतल्या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस केली होती. ती अजून शिफारसच आहे.

पैसे वाढले की काम सुधारतं का, असं मी आशाताईला विचारलं. ती जरा वेळ थांबली. "वाढले ते बरंच झालं. पण वेळेवर आले तर जास्त बरं. घरी सांगता येतं ना, अमुक तारखेला येतील म्हणून." म्हणजे शब्द पाळण्याचा प्रश्न तिच्या स्वतःच्या घरातही आहेच. शिवाय आता तिच्याकडे केवळ आई-बाळ नाहीत. क्षयरोग, कुष्ठरोग, रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्म, आयुष्मान कार्डं, सगळं तिच्याच पिशवीत. पिशवी एकच, दिवस तेवढाच. नव्या कामाची भर पडते तेव्हा जुन्यातलं काय सोडायचं ते कुणी सांगत नाही. मग बाळंतिणीजवळ बसायचा अर्धा तास दहा मिनिटांवर येतो.

तिचा स्वतःचा उंबरठा

परतताना पाऊस वाढला. साकवावरून पाणी जायच्या आत ओलांडू म्हणून आम्ही भरभर उतरलो. आशाताईने पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरली होती. स्वतः भिजली तरी चालेल, काटा आणि डायरी भिजता कामा नये.

तिचं घर आलं. मागच्या न्हाणीतून धूर येत होता. ती हसून म्हणाली, "सासूबाईंनी पाणी ठेवलंय."

मग तिने सांगितलं. कामाला लागली त्या वर्षी सोयराच्या घरून आली की सासू तिला पुढच्या दाराने आत घेत नसे. मागून न्हाणीत जायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, मग घरात. आठवड्यातून तीनदा असं झालं की सासू चिडायची, सोड म्हणायची हे काम. नवरा काही बोलायचा नाही. त्या वर्षी दोन-तीन भेटी तिने चुकवल्या, वहीत मात्र केल्या म्हणून लिहिल्या. हे सांगताना तिने नजर वळवली. मग दोन वर्षांनी धाकट्या नणंदेचं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं आणि तिने घरातच सव्वा महिना त्याला छातीशी धरवून, मोजून, तोलून वाढवलं. सासू रोज शेजारी बसून बघत होती.

कोणती आशा चांगली काम करते याचे पुष्कळ निकष सांगता येतील. शिक्षण, वय, प्रशिक्षणाचे दिवस, अंतर. ते सारे खरे आहेत. पण बाळंतिणीच्या खोलीतलं ते एक शांत मिनिट सलग मिळायला तिच्या मागे दवाखाना, गटप्रवर्तक, वेळेवरचा मोबदला आणि तिचं घर, इतक्यांनी उभं राहावं लागतं. यातलं एक जरी हललं तर आधी ते मिनिट जातं, मग वहीतला आकडा खोटा होतो. चुकलेल्या भेटीसाठी तिला दोष देण्याआधी यांतलं कोण हललं होतं ते शोधलं पाहिजे.

आम्ही पुढच्या दारानेच आत गेलो. सासूबाई पडवीत सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज काटा किती?"

"सव्वादोन."

"भरेल," त्या म्हणाल्या. "जा, पाणी तापलंय. भिजलीस किती."